जाड तार

पहिल्या पानावर निळ्या शाईत
हि. ना. गेडाम, वडसा.
हि म्हणजे हिरामण की हिवराज, कोण जाणे.
नाटक कंपनी मोडली तेव्हा
गिटार आणि पुस्तक एकाच पोत्यात आलं,
साडेतीन हजारात, वर एक वायर फुकट.

"चारच तारा? दोन तुटल्या का बे?"
पत्रूजींनी काट्यावरून विचारलं.
इतक्याच असतात, म्हटलं मी,
आणि घरी जाऊन पुस्तकात पाहून घेतलं.

दिवसभर मी राइस मिल चालवतो.
संध्याकाळपर्यंत कान असे होतात
की बारीक आवाज लागतच नाहीत, जाड तेवढे लागतात.
म्हणून हे वाद्य, असं मी लोकांना सांगतो.
खरं म्हणजे दुसरं पोतं नव्हतं.

धडा पहिला: तारा पियानोच्या सुराला लावून घ्या.
पियानो गावात नाही.
शाळेमागं डीपी आहे, रात्रंदिवस घुमते.
तिच्या कुंपणाशी उकिडवा बसून
जाड तारेचा तिसरा पडदा दाबला, खुंटी पिळत गेलो,
दोन्ही घुमणी एकमेकींत बुडेपर्यंत.
डीपी जराशी चढी आहे, हे फार नंतर कळलं.
आता मीही तेवढाच चढा,
मिलची मोटर चढी, नाल्यावरचा पंप चढा;
वडशाची पेटी उतरलेली असेल तर असो.

भजनी मंडळाच्या मशिनीला वायर लावून पाहिली.
नुसती खरखर.
भोंग्याला पोट नसतं.

मग एका रात्री लाइट गेलेली असताना
गिटारीचं टोक टिनाच्या कोठीला टेकलं
आणि भादव्यातली ती रिकामी कोठी
तळापासून बोलली.
पलीकडं खाटेवर निरूता उठून बसली:
"पोटात वाजून रायलं नं जी."
बंद कर म्हणाली नाही.
त्या महिन्यात मी पाच धडे संपवले.

प्रत्येक धड्याखाली गेडामांची पेन्सिल.
तारीख, आणि पुढं: जमलं.
चौथ्याखाली: बोट फाटलं. जमलं.
सातव्याखाली: आई दवाखान्यात. अर्धं.
माझंही बोट चौथ्यालाच फाटलं,
तेव्हा मला उगाच बरं वाटलं,
आपण बरोबर रस्त्यानं चाललोय असं.
अकराव्याखाली नुसती तारीख.
पुढं काही नाही.

धान घरात आलं. कोठी भरली.
भरली कोठी वाजत नाही.
कोणाला सांगू की मला ती रिकामी हवी होती,
दोन बोटं तरी.
मग हनुवटी लाकडावर ठेवून वाजवायला लागलो,
दातांनी ऐकायला लागलो.
पोरगी हसते: बाबा गिटार खाते.

बारावा धडा उघडेना.
छापखान्यानं पानं कापलीच नव्हती, कडेला जुळलेली,
इतक्या वर्षांत कोणी तिथवर आलंच नव्हतं.
विळ्यानं फाडली, वाकडी फाटली.
आत लिहिलेलं: आता ड्रम वाजवणाऱ्या मित्रासोबत बसा.

मी मिलमध्ये बसलो.
पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना टक करतो,
दर फेरीला एकदा, चुकत नाही.
एक, दोन, टक. तर्जनी, मधलं, टक.
व्होल्टेज पडलं की पट्टा मंदावतो,
मीही मंदावलो,
तो उचलला तसा उचललो.
पत्रूजी कोंड्याची पोती मोजत होते,
मोजता मोजता एकोणीसवर अडले,
माझ्याकडं पाहिलं,
पुन्हा एकपासून सुरू केलं.

घरी येऊन पानाखाली तारीख घातली.
पेन्सिल थोडा वेळ तशीच धरली.
मग लिहिलं: अर्धं.

गेडाम, तुम्ही न पाहिलेलं पान मी पाहिलं.
तिथं फार काही नाही.
एक हात आहे, स्वच्छ नखांचा,
आणि अंगठा मागं कुठं ठेवायचा
ते दाखवणारा बाण.